वाचकांचे प्रश्न : डाव्या छातीत अडकलेली हवा

पत्र पहिलं

मॅडम, मी माजलगाव तालुक्यातला. दर साली टोळीसोबत कारखान्यावर जातो, या साली बायको बाळंतीण म्हणून गावीच थांबलो. मुलगा झाला, पहिलाच. वजन २.८ किलो, जन्मतः चांगला रडला, तीन दिवसांनी घरी आलो. पंधरा-वीस दिवसांनी दूध पिताना दम लागायला लागला. दोन घोट ओढतो, सोडतो, धापा टाकतो, परत ओढतो. तालुक्याला न्यूमोनिया म्हणून दोनदा ॲडमिट केलं, इंजेक्शनं झाली, मशीननं वाफ दिली, फरक नाही. फोटो काढला तर डावी बाजू काळी. एका डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुस फुटून हवा बाहेर आलीय, छातीत नळी टाकावी लागेल. मी सही करणार तेवढ्यात दुसरे डॉक्टर आले, म्हणाले थांबा, आधी सीटी करू. सीटीत 'डाव्या वरच्या लोबचा कंजेनायटल लोबार एम्फिसीमा' आलं. संभाजीनगरचे लहान मुलांचे सर्जन म्हणतात तो भाग काढावा लागेल. बाळ आता सात आठवड्यांचं आहे, वजन ३.३. घरात सगळे म्हणायलेत, एवढ्या लेकराला कापू नका, मोठं झाल्यावर बघू. माय म्हणती बिब्बा घाला. हे कशानं झालं? बायको आठव्या महिन्यापर्यंत कापूस वेचत होती, त्यानं का? माझे वडील घरात बिडी ओढतात, त्यानं का? ऑपरेशन टळेल का? अर्ध्या फुप्फुसावर लेकरू जगेल का, पुढं कामधंदा करील का? खर्चाचं काय? दीड महिन्याचे डोसही राहिलेत. सोबत फोटो आणि सीटीचा कागद पाठवलाय.

— एक बाप, ता. माजलगाव, जि. बीड

उत्तर

दादा, तुमच्या लेकराला ऑपरेशनची गरज आहे, आणि मोठं होईपर्यंत थांबण्याइतका वेळ नाही. फोनवर हेच सांगितलं होतं. पत्राची वाट बघण्यासारखा मामला नव्हता, म्हणून फोन केला. इथं सविस्तर लिहिते, कारण 'बरा न होणारा न्यूमोनिया' म्हणून असंच एखादं लेकरू आणखी कुठल्या घरात धापा टाकत असेल.

आधी 'कंजेनायटल लोबार एम्फिसीमा', म्हणजे फुप्फुसाच्या एका भागात जन्मतःच्या दोषानं हवा अडकून राहणं, हा आजार काय ते समजून घ्या. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. या भागांना लोब म्हणतात. प्रत्येक लोबला हवा नेणारी स्वतंत्र श्वासनळी असते आणि ती मिटू नये म्हणून तिच्या भिंतीत कूर्चा असते, कानाच्या वरच्या भागात हाताला लागते तशी लवचिक. तुमच्या बाळाच्या डाव्या वरच्या लोबच्या नळीत ही कूर्चा बहुधा कच्ची राहिली आहे. श्वास आत घेताना नळी उघडते, हवा आत जाते. बाहेर सोडताना नळी मिटते, हवा आतच राहते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह असाच चालतो. दर श्वासाला थोडी हवा साठत जाते आणि तो एक लोब फुगत जातो. त्याच्या खालचा निरोगी लोब दबून लहान होतो, हृदय उजवीकडं ढकललं जातं, मग उजव्या फुप्फुसालाही जागा पुरत नाही. लेकरू धापा टाकतं ते यामुळं. चांगलं फुप्फुस आहे, पण त्याला पसरायला जागा नाही.

हा आजार वीस ते तीस हजार जन्मांमागं एखाद्या बाळाला होतो. मुलींपेक्षा मुलांत जास्त, आणि सगळ्यात जास्त डाव्या वरच्या लोबमध्येच. निम्म्याच्या आसपास बाळांत पहिल्या महिन्यातच लक्षणं दिसतात, बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत. म्हणजे तुमच्या लेकराचं सगळं या आजाराच्या चालीप्रमाणंच झालं आहे.

आता 'कशानं झालं'. कापूस वेचल्यानं नाही. श्वासनळ्यांची घडण गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच होते, वाकून काम केलं म्हणून तिथली कूर्चा कच्ची राहत नाही. ग्रहणात काही चिरलं होतं का, असंही कुणीतरी विचारल्याचं तुमच्या पत्नी फोनवर म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांना माझा निरोप द्या : तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. निम्म्या बाळांत तर कारण सापडतच नाही. काहींत नळीच्या आत चिकट बेडका अडकलेला असतो, काहींत बाहेरून एखादी रक्तवाहिनी नळीवर दाब देते. घराण्यात चालत येण्याची उदाहरणं फार क्वचित आहेत, म्हणून पुढच्या बाळंतपणाची धास्ती घेऊ नका. आजोबांच्या बिडीनं हा आजार झाला नाही. बिडी-सिगारेटमुळं म्हाताऱ्या माणसाला होतो तो एम्फिसीमा निराळा, त्यात हवेच्या पिशव्यांची भिंतच फाटत जाते. इथं पिशव्या नुसत्या ताणल्या गेल्यात. पण आजोबांनी आजपासून बिडी अंगणातही ओढू नये. ज्या लेकराला प्रत्येक श्वास कमवावा लागतोय त्याच्या खोलीत धूर नको. बाळंतिणीची शेगडी आणि ओवा-शेपांची धुरी पण बंद.

नळी टाकण्याबद्दल मला सविस्तर बोलायचंय. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. डावी बाजू काळी आहे, खरं आहे. फुप्फुसाबाहेर हवा साठली, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला, तरी बाजू अशीच काळी दिसते. मध्यरात्री घाई असेल, बाळ निळं पडत असेल तर कुणाचाही हात नळीकडं जाईल. पण तुमच्या फोटोत त्या काळ्या भागात नीट पाहिलं तर बारीक, पुसट रेषा शेवटपर्यंत गेलेल्या दिसतात. त्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आहेत. हवा फुप्फुसाबाहेर असती तर तिथं एकही रेष दिसली नसती, आणि दबलेलं फुप्फुस मध्यभागी हृदयाजवळ गोळा झालं असतं. इथं दबलेला खालचा लोब तळाशी, मणक्याला लागून, लहानशा पांढऱ्या त्रिकोणासारखा दिसतोय. हृदयाची सावली मणक्याच्या उजवीकडं सरकलीय. आणि फुगलेला लोब पुढच्या बाजूनं मधली हद्द ओलांडून पलीकडं गेलाय. अशा छातीत नळी टाकली तर ती हवेत जात नाही, ताणलेल्या फुप्फुसातच घुसते. त्यातून खरोखरचा न्यूमोथोरॅक्स होतो आणि बाळ आणखी अडचणीत येतं. ज्या डॉक्टरांनी 'थांबा, सीटी करू' म्हटलं त्यांनी तुमच्या लेकरावर मोठे उपकार केलेत. बरं झाल्यावर त्याला त्यांच्याकडं नेऊन दाखवा.

एक आणखी गोष्ट डॉक्टर मंडळींसाठी लिहिते, कारण हे सदर आपल्या तालुक्यांतले बरेच तरुण डॉक्टर वाचतात. पहिल्या एक-दोन दिवसांत हाच लोब काळा न दिसता पांढरा दिसू शकतो. गर्भात फुप्फुसात असणारं पाणीही त्याच मिटलेल्या नळीमागं अडकून राहतं. मग न्यूमोनिया समजून औषधं सुरू होतात, आठवड्यानं पाणी निघून जातं, हवा भरते आणि फोटो बदलतो. म्हणून पहिल्या दिवसाचा फोटो फाइलमधून काढून टाकू नका, नव्या फोटोशेजारी धरून बघा. आणि बाळाला हात लावून बघा : एक बाजू उंच, त्या बाजूला श्वासाचा आवाज कमी, हृदयाचे ठोके भलतीकडं. डाव्या छातीत आतड्याची गुडगुड ऐकू आली तर विचार वेगळा, तो छाती-पोटामधल्या पडद्याच्या छिद्राचा, म्हणजे डायफ्रॅमॅटिक हर्नियाचा.

आता ऑपरेशन टळेल का? काही मुलांत टळतं, हे मी लपवणार नाही. फोटोत लोब फुगलेला दिसतो पण लेकरू मजेत असतं, दूध पितं, वजन घेतं, झोपेत श्वास शांत असतो, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन चांगला येतो. अशा मुलांना नुसतं लक्ष ठेवून वाढू देता येतं आणि काहींचा फुगवटा वाढत्या छातीत मागं पडतो. निर्णय फोटोवरून घ्यायचा नसतो, लेकराकडं बघून घ्यायचा असतो. तुमच्या लेकराकडं बघा. पहिल्या दहा दिवसांनंतर बाळानं दिवसाला २५ ते ३० ग्रॅम घ्यायला हवेत. त्या हिशेबानं सात आठवड्यांत किलोभर वाढ व्हायला हवी होती, तुमच्याकडं अर्धा किलो झाली. फोनवर तुमच्या पत्नीला मी झोपलेल्या बाळाच्या पोटाकडं बघून मिनिटभर श्वास मोजायला लावला, ७२ भरला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० पासून पुढं धोक्याचं. जे दूध पोटात जातं ते सगळं श्वास घेण्यातच खर्च होतंय. वाफेच्या औषधानं नळी मिटायची थांबत नाही, अँटिबायोटिकनं कूर्चा तयार होत नाही. तुमच्या सर्जनचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

भीती कापण्याची आहे, तर त्या खोलीत काय होतं ते सांगते. या ऑपरेशनात सर्वांत नाजूक वेळ भूल देण्याची असते. एरवी भूल दिल्यावर यंत्रानं दाब देऊन श्वास चालवतात. इथं तो दाब फुगलेल्या लोबमध्येच जातो आणि तो आणखी फुगतो. म्हणून छाती उघडेपर्यंत बाळाला शक्यतो त्याचा त्याचा श्वास घेऊ देतात, मदत लागलीच तर अगदी हलक्या हातानं. नायट्रस ऑक्साइड वायू वापरत नाहीत, तो अडकलेल्या हवेत शिरून तिचा फुगवटा वाढवतो. भूल सुरू होते तेव्हा सर्जन हात धुऊन, गाऊन घालून टेबलाशी तयार असतात. छाती उघडली की तो लोब दाबातून सुटल्यासारखा जखमेतून आपोआप बाहेर येतो, फिकट, ताणलेला, दाबला तरी न बसणारा. तो काढला की दबून राहिलेला खालचा लोब डोळ्यांदेखत गुलाबी होत भरायला लागतो. हे मी पाहिलेलं आहे आणि त्यानंतर मला या ऑपरेशनबद्दल घरच्यांशी बोलताना कधी अडखळायला झालं नाही. म्हणूनच सांगते, हे काम लहान मुलांचे सर्जन, लहान बाळांना भूल देण्यात मुरलेले डॉक्टर आणि नवजात अतिदक्षता विभाग एकत्र असतील तिथंच व्हावं. संभाजीनगरला सोय होत असेल तर तिथं, नाहीतर मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय. तुमचे सर्जन स्वतः चिठ्ठी देतील. त्याआधी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, झालेली हवी. अशा बाळांपैकी दहातल्या एक-दोघांना हृदयाचाही दोष असतो. तुम्ही पाठवलेल्या कागदांत ती दिसली नाही, तेवढं विचारा.

ऑपरेशननंतर काही दिवस छातीत नळी असेल. ती बघून आईनं घाबरू नये, ती वेळ नळीचीच असते.

अर्ध्या फुप्फुसावर जगेल का, तर मुळात अर्धं जाणार नाही, पाचातला एक लोब जाईल, आणि तो आज काहीच काम करत नाही, उलट दुसऱ्यांचं अडवतोय. शिवाय लेकराचं फुप्फुस अजून तयार व्हायचंय. जन्मावेळी हवेच्या पिशव्या पाचेक कोटी असतात, मोठ्या माणसात तीस कोटींच्या वर. यातली मोठी भर पहिल्या काही वर्षांतच पडते. राहिलेले लोब ती जागा भरून काढतात. ही मुलं शाळेच्या ग्राउंडवर धावतात, पोहतात. औषधं जन्मभर चालत नाहीत. तुम्ही विचारलंत कामधंदा करील का. करील. त्याच्या हाती कोयता येऊ नये असं मला मनापासून वाटतं, पण त्याचा फुप्फुसाशी काही संबंध नाही, त्याला शिकवा एवढंच.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन आधी त्यांच्याकडं जा, बाळाचं नाव रेशनकार्डावर नसलं म्हणून परत फिरू नका. सरकारी रुग्णालयात एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. तालुक्याच्या रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक असतं, त्यांनाही भेटा, पुढच्या चिठ्ठीसाठी मदत होते.

तोवर काय करायचं : थोडं थोडं, पण वारंवार पाजा, डोकं उंच धरून. ओढताना दमत असेल तर आईचं दूध काढून वाटी-पळीनं. तेही झेपेना आणि श्वास ७० च्या वर राहिला तर दवाखान्यात नाकातून बारीक नळीनं पाजतात, ते श्वासात दूध जाण्यापेक्षा कितीतरी बरं. सीटीचा कागद आणि फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळासोबतच ठेवा. १०८ ची गाडी आली किंवा रात्री नवीन डॉक्टर भेटले तर तोंडी काही सांगण्याआधी तो कागद हातात द्या आणि म्हणा, 'हवा लोबमध्ये अडकलीय, बाहेर नाही.' पंपानं किंवा मशीननं दाब देऊन श्वास देण्याआधी त्यांना हे कळलं पाहिजे. श्वासच थांबला तर ते जे करायचं ते करतीलच, तेव्हा अडवू नका. ओठ निळे दिसले, कण्हायला लागला, दूध सोडलं, तर वाट बघायची नाही.

बिब्बा नको. तुमच्या मायला माझ्याकडून सांगा, त्यांची काळजी मला कळते, पण बिब्ब्यानं नाजूक कातडी भाजते, जखम चिघळते, आणि जखम असलेल्या बाळाचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं. डोस मात्र द्यायचेत. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलची लस या लेकराला इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे. ऑपरेशनच्या दोन-चार दिवस आधी द्यायचे की नंतर, तेवढं सर्जनना विचारून घ्या.

पत्र दुसरं

मी आशा आहे. बाळंतिणीच्या घरी भेटी देते. बाळ जोरात श्वास घेतंय असं कधी कधी वाटतं, पण घरचे म्हणतात लहान बाळाचा असाच असतो. मी नक्की काय बघावं?

— आशा कार्यकर्ती, ता. सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर

ताई, तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाता. तुमच्याइतकं त्या बाळाला कुणी बघत नाही, डॉक्टरसुद्धा नाही. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना दुपटं बाजूला करा आणि पोटाकडं बघून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, कारण नवजात बाळ मध्येच पाच-दहा सेकंद थांबतं आणि मग भराभर घेतं, ते नैसर्गिक आहे. ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर पाठवा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती खोल आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, कण्हल्याचा आवाज येतो का, हे बघा. मग दोन्ही हातांची बोटं छातीच्या दोन्ही बाजूंना हलकेच ठेवा : दोन्ही सारख्या हलतात का? एक बाजू उंच आणि गप्प वाटली तर चिठ्ठीत तसं लिहा, 'डावी बाजू कमी हलते', एवढंच लिहिलं तरी पुढच्या डॉक्टरला पुरतं. आणि वजनाच्या नोंदीबरोबर आईला एक प्रश्न विचारत जा, 'पिताना मध्येच सोडून धापा टाकतो का?' पाजताना स्वतः दोन मिनिटं शेजारी बसा. आई सवयीनं 'नाही' म्हणते आणि तुमच्यासमोर बाळ तेच करतं.

एकाच बाळाला त्याच बाजूचा न्यूमोनिया दुसऱ्यांदा सांगितला गेला, तर 'फोटो मोठ्या डॉक्टरांना दाखवला का?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पत्र तिसरं

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या उजव्या फुप्फुसात गाठी-पाण्याच्या पिशव्या दिसल्या. कागदावर सीपॅम लिहिलंय. सासरचे म्हणतात, पोट पाडून टाका. मला पहिलीच वेळ आहे.

— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर

ताई, घाईनं काही करू नका. सीपॅम म्हणजे फुप्फुसाच्या एका भागाची घडण बिघडून तिथं पिशव्या तयार होणं. हे वरच्या लेकराच्या आजाराहून वेगळं आहे. बहुतेक बाळांत तो भाग सातव्या महिन्यापर्यंत वाढतो, मग थांबतो, आणि बऱ्याचदा आठव्या-नवव्या महिन्यात सोनोग्राफीत लहान झालेला दिसतो. बघायचं असतं ते बाळाच्या अंगात, पोटात किंवा हृदयाभोवती पाणी साठतंय का. तसं नसेल तर बहुतेक बाळं नीट जन्मतात आणि वाढतात. म्हणून ठरावीक अंतरानं सोनोग्राफी, तीही शक्यतो गर्भाच्या तपासणीत तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरकडून. लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथून सुरुवात करा आणि तारखा ठरवून घ्या. पतीला सोबत घेऊन जा, म्हणजे सासरी सांगायची जबाबदारी एकट्या तुमच्यावर येणार नाही.

बाळंतपण घराजवळच्या छोट्या दवाखान्यात नको, नवजात अतिदक्षता विभाग असेल तिथं. जन्मल्यावर बाळ गुटगुटीत दिसू शकतं आणि छातीचा फोटोही अगदी साफ येऊ शकतो. तेव्हा सगळे म्हणतील, गाठ गेली. साध्या फोटोत न दिसणारा सीपॅम सीटीत दिसतो आणि त्यात पुढं पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून बाळ काही महिन्यांचं झालं की सीटी करायचीच. हा कागद आणि आताची सोनोग्राफी बाळाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून ठेवा.